पट्ट्यांच्या लोकरीचे मोजे: ठाणे-नवी मुंबईतून नेहमी येणारे प्रश्न

नौपाड्यात माझ्याकडे शनिवारी दुपारी विणणारी मंडळी जमतात. कोणी घोडबंदर रोडवरून येतं, कोणी ऐरोली-नेरुळहून. स्वेटर, कानटोपी, बाळंतविडा हे बहुतेकींचं विणून झालेलं असतं. अडतं ते मोज्यांपाशी, आणि त्यातही स्वतःच पट्टे पाडणारी ती लोकर हातात आली की प्रश्नांची रांग लागते. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. सुलट आणि उलट टाका येतो, एवढं गृहीत धरलं आहे.

गुंडा एकच, धागा एकच. मग पट्टे पडतात कसे?

धागा रंगवतानाच लांबलांब तुकड्यांत रंगवलेला असतो. समजा चार मीटर निळा, पुढे चार मीटर पिवळा, मग चार मीटर मरून, आणि पुन्हा निळा. आपण गोल गोल विणत जायचं. निळा संपेपर्यंत निळ्या फेऱ्या, मग पिवळ्या. रंग बदलताना तोडातोड नाही, मागून धागे ओढायचे नाहीत, शेवटी वीस-पंचवीस टोकं खोचत बसायचं नाही.

यातली एक गोष्ट मात्र नीट डोक्यात बसवा, कारण या पानावरची निम्मी उत्तरं तिच्यातूनच निघतात. एका रंगाच्या लांबीत ठरावीक टाकेच बसतात. मध्यम हाताने, अडीच मिलिमीटरच्या सुईवर ६४ टाक्यांच्या एका फेरीला ८० सेंटिमीटर धागा लागतो असं धरू. मग चार मीटर निळ्यात पाच फेऱ्या झाल्या, म्हणजे ३२० टाके. हे ३२० टाके ६४ च्या पाच फेऱ्यांत घाला, ४० च्या आठ फेऱ्यांत घाला, नाहीतर टाचेच्या ३२ टाक्यांवर दहा ओळींत घाला. निळा रंग पुरणार तेवढाच. फेरी मोठी तर पट्टा बारीक, फेरी लहान तर पट्टा रुंद. एकाच गुंड्यातून आजोबांचे आणि नातवाचे मोजे विणले तर नातवाचे पट्टे दुप्पट जाड का दिसतात, याचं कोडं मग पडत नाही.

तुमचा हात सैल की घट्ट यावर एका फेरीला लागणाऱ्या धाग्याचा आकडा बदलेल. तो मोजायलाही सोपा आहे. फेरी सुरू करताना सुईपासून बरोबर दोन मीटरवर धाग्याला कपड्यांचा चिमटा लावा. फेरी संपली की सुईपासून चिमट्यापर्यंत किती धागा उरला ते टेपने मोजा आणि दोन मीटरमधून वजा करा.

बाजारातल्या मल्टी शेड बेबी वुलनेही असेच पट्टे पडतात का?

नाही. त्या धाग्यात रंग फार लवकर बदलतात, वीतभर गुलाबी, वीतभर पांढरा. दहा-बारा टाक्यांत रंग संपतो, म्हणून अंगावर ठिपके आणि शिंतोडे येतात. कधी कधी तर एकाच बाजूला एक रंग साचून डाग पडल्यासारखा दिसतो. बाळाच्या टोपीला ते गोड दिसतं, मोज्याला पट्टा मात्र मिळत नाही. लेबल न वाचता ओळखायचं असेल तर गुंड्यातून हातभर धागा ओढून बघा. एवढ्यात तीन रंग आले तर ती पट्ट्यांची लोकर नव्हे.

आणखी एक प्रकार असतो. त्यात लांब पट्ट्यांच्या मध्ये मुद्दाम छोटे तुकडे रंगवलेले असतात आणि विणल्यावर दोन रंगांची नक्षी घातल्याचा भास होतो. तो धागा साधारण ६० ते ७० टाक्यांच्या फेरीचा हिशेब धरून रंगवलेला असतो. लहान मुलाच्या मोज्यात ती नक्षी विस्कटते, तेव्हा त्या मापासाठी साधे पट्टेच घ्या.

ठाण्यात लोकरीचे मोजे घालणार कोण?

हा प्रश्न साधारणपणे विणणारीचे यजमान विचारतात. उत्तर: ऐरोली-महापेच्या ऑफिसांत एसीखाली दिवसभर बसणारी मुलं-मुली, फरशीवर पाय गार पडणारी वडीलधारी मंडळी, केदारनाथला किंवा मनालीला निघालेले शेजारी आणि जर्मनी-अमेरिकेत असलेली अर्धी भाचरंडं. शिवाय मेरिनो लोकर घाम शोषून घेते आणि लवकर वास धरत नाही, त्यामुळे बुटात घालायला ती नायलॉनच्या मोज्यांपेक्षा बरी. मे महिन्यात घाला असं कोणीच म्हणत नाही.

लोकर कोणती घ्यायची आणि ती मिळते कुठे?

जांभळी नाक्याच्या बाजारात किंवा वाशीत लोकर मागितली तर समोर येते ती बहुतेक वेळा ॲक्रिलिक. आपण तिलाही लोकरच म्हणतो, दुकानदारही म्हणतो, आणि त्यात कोणी कोणाला फसवत नाही. पण मोज्यांसाठी तिचा एक दोष आहे: ती घाम शोषत नाही, पाय ओला ओला राहतो. सरावाला पहिली जोडी ॲक्रिलिकची करायला हरकत नाही. चांगली जोडी करायची तर लेबलवर ७५ टक्के वूल आणि २५ टक्के नायलॉन (किंवा पॉलिॲमाइड, तेच ते) शोधा. नुसती मेरिनो मऊ असते पण टाचेला लवकर विरते. नायलॉनमुळे ती टिकते. सोबत ‘सुपरवॉश’ लिहिलेलं असेल तर उत्तम. त्या लोकरीच्या तंतूंवर प्रक्रिया केलेली असते, त्यामुळे धुतल्यावर ती आटून नमद्यासारखी होत नाही.

अशा धाग्याची जुनी, भरवशाची नावं जर्मन आहेत: रेजिया आणि ओपल. १०० ग्रॅमच्या गुंड्यात ४२० मीटरच्या आसपास धागा असतो. आपल्याकडे ती ऑनलाइनच मागवावी लागते आणि एक गुंडा हजार रुपयांच्या पुढे जातो. परदेशातून कोणी येणार असेल तर चॉकलेटांऐवजी हे सांगा. वजनाला काहीच नाही आणि सामानात चेपूनही बिघडत नाही. हल्ली भारतातही हाताने रंगवून अशी लोकर विकणारे छोटे व्यावसायिक आहेत. त्यांच्याकडे विचारताना ‘मल्टी कलर’ म्हणू नका, ‘सेल्फ स्ट्रायपिंग’ म्हणा, नाहीतर ठिपक्यांची लडी हातात पडेल.

लेबल नसलेला गुंडा घरात सापडला तर बोटभर धागा चिमट्यात धरून बेसिनवर पेटवा. खरी लोकर केस जळाल्यासारखी वास मारते, ज्योत काढली की विझते आणि राख बोटांनी चुरडते. ॲक्रिलिक वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी राहतो. मिश्र धाग्यात दोन्हीची लक्षणं दिसतात.

धनगरी लोकरीचे मोजे का नाही करत, असंही एकाने विचारलं होतं. दख्खनी मेंढीची लोकर राठ असते. ती घोंगडीला हवी तशीच आहे, पायाला मात्र टोचते.

एका जोडीला १०० ग्रॅम पुरते का?

पुरते. बायकांच्या मापाला ६०-७० ग्रॅममध्ये भागतं, पुरुषांच्या मोठ्या पायाला ८०-९० लागू शकते. उरलेली फेकू नका, शेवटी तिचं काम आहे.

सुया कोणत्या? आमच्याकडे आईच्या जुन्या सुया आहेत.

आईच्या सुयांवर बहुधा जुना ब्रिटिश नंबर असेल. त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक: १४ नंबर म्हणजे २ मिलिमीटर, १३ म्हणजे सव्वादोन, १० म्हणजे सव्वातीन. मोज्यांना सव्वादोन किंवा अडीच मिलिमीटर लागते. पण टोपी-स्वेटरच्या एका बाजूला बोंडं असलेल्या लांब सुया इथे चालत नाहीत, कारण मोजा गोल विणायचा आहे.

गोल विणायला तीन वाटा आहेत. पाच दुतोंडी सुयांचा संच, ८० सेंटिमीटर केबलच्या एकाच गोल सुईवर मॅजिक लूप (केबलचा फास मधून बाहेर काढून लहान घेर विणायचा), किंवा २३ सेंटिमीटरची इवलीशी गोल सुई. इवल्या सुईवर काम भराभर होतं, पण टोकं फार आखूड असल्याने काहींची बोटं भरून येतात, आणि चवड्याला टाके कमी झाले की ती उपयोगाची राहत नाही. आमच्याकडे नव्या माणसाला मॅजिक लूपच शिकवतो. निटप्रो आणि पोनी या दोन्ही कंपन्यांच्या सुया भारतातच बनतात, त्यामुळे सुयांसाठी परदेशाकडे बघायची गरज नाही.

टाके किती घालायचे?

आधी नमुना विणा. त्याला पर्याय नाही. तो गोलच विणा, कारण सपाट विणताना उलट ओळींचा ताण वेगळा पडतो. मग पंजाचा सर्वांत रुंद घेर टेपने मोजा. समजा घेर २२ सेंटिमीटर आणि तुमच्या नमुन्यात १० सेंटिमीटरला ३२ टाके आले. २२ गुणिले ३.२ म्हणजे ७० टाके. मोजा पायाला धरून बसायला हवा म्हणून त्यातून दहावा हिस्सा वजा करा: ६३. चारने भाग जाणारा जवळचा आकडा ६४. झालं.

पुरुषांना बहुधा ७२ लागतात. लांबीलाही मोजा पायापेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर आखूडच ठेवा. पायाच्या मापाबरहुकूम विणलेला मोजा दोन धुण्यांत बुटात गोळा होऊ लागतो.

दोन्ही मोज्यांचे पट्टे जुळवायचे कसे?

न जुळणारी जोडी घालायची हल्ली फॅशन आहे. मुलांना ती आवडतेही. पण सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला द्यायची जोडी असेल तर जुळवाच, नाहीतर लोकर कमी पडली का, असं चारचौघांत विचारलं जाईल.

जुळवण्याची सगळी मदार सुरुवातीवर आहे. गुंड्याचा धागा उलगडत जा आणि रंग स्पष्टपणे बदलतो अशी एक जागा निवडा. उदाहरणार्थ, मरून संपून निळा सुरू होतो ती. सुईवरचा पहिला फास नेमका तिथेच पडू द्या. घातलेल्या टाक्यांची पद्धत, टाक्यांची संख्या, सुरुवातीला सोडलेल्या शेपटाची लांबी कागदावर लिहून ठेवा. पहिला मोजा पूर्ण झाला की धागा उलगडत पुन्हा त्याच बदलापर्यंत या: मरून संपतो, निळा सुरू होतो. मधला धागा बाजूला गुंडाळून ठेवा. वर धरलेल्या उदाहरणात तीन रंगांचं चक्र १२ मीटरचं आहे, म्हणजे जास्तीत जास्त तीनेक ग्रॅम बाजूला पडणार. चक्र लांब असेल तर जास्त पडतील, म्हणून १०० ग्रॅममध्ये मोठ्या मापाची जोडी बसवायची असेल तर आधीच हिशेब करा.

इथे एक खोच आहे. काहीजणी गुंड्याच्या आतलं टोक एका मोज्याला आणि बाहेरचं टोक दुसऱ्याला घेतात, म्हणजे दोन्ही एकदम विणता येतात. पण आतून ओढलेल्या धाग्यात रंग निळा-पिवळा-मरून येत असतील तर बाहेरून ते मरून-पिवळा-निळा असे उलटे येणार. जोडी कितीही जपून विणली तरी जुळणार नाही. दोन्ही एकदम विणायचेच असतील तर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ५०-५० ग्रॅमचे दोन गुंडे करा. गुंडाळताना बाहेरचं टोक आत जातं हे लक्षात ठेवून दोन्ही गुंड्यांच्या ‘सुरुवातीच्या’ टोकाला लाल दोरा बांधा.

रेजियाच्या पेअरफेक्ट या प्रकारात ही कटकट कंपनीनेच मिटवली आहे. सुरुवातीला वेगळ्या रंगाचा धागा असतो. तो काढून टाकला की मोजा सुरू. दुसऱ्या मोज्यालाही तीच खूण येते.

एवढं करूनही घोट्यापर्यंत पोचता पोचता एखाद-दुसऱ्या फेरीचा फरक पडतो. टीव्हीवर मालिका बघत विणलेला मोजा आणि मुलाच्या बारावीच्या निकालाच्या दिवशी विणलेला मोजा यांत हाताचा ताण सारखा कसा राहील? एका फेरीसाठी उसवू नका. घातल्यावर कोणाला दिसत नाही.

गुंड्याच्या मधेच गाठ निघाली आणि पुढचा रंग भलताच आहे!

कारखान्यात तुटलेला धागा जोडताना चक्राकडे लक्ष देतीलच असं नाही. गाठ तशीच विणून टाकू नका. ती कापा, पुढचा धागा उलगडत न्या आणि जिथे तोच रंग त्याच टप्प्यावर येतो तिथून जोडा. सुपरवॉश लोकर पाण्याने चोळून जुळत नाही, तिचे तंतू एकमेकांत अडकत नाहीत. म्हणून दोन्ही टोकं एकमेकांत अडकवून प्रत्येक टोक दोन-तीन इंच स्वतःच्याच पोटात सुईने ओवा, किंवा सरळ दोन टोकं सोडून नंतर आतून खोचा. शहाणपण असं की विणायच्या आधीच पूर्ण गुंडा एकदा उलगडून बघावा. दोन मोज्यांच्या मधल्या जागी गाठ आली तर तिचा त्रासच नाही.

टाचेपाशी पट्ट्यांचा विचका होतो. काय करू?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. पुन्हा ते ३२० टाके आठवा.

नेहमीची टाच म्हणजे मागच्या ३२ टाक्यांवर सपाट पट्टी विणायची, ती वळवायची, मग पट्टीच्या दोन्ही कडांनी टाके उचलून पुन्हा गोल विणायचं. पट्टी ३२ टाक्यांची आहे, तेव्हा एकेक रंग दहा-दहा ओळी खातो आणि पट्टे एकदम जाड होतात. पट्टी आणि वळण मिळून बरेच रंग खपतात, त्यामुळे वरच्या बाजूला पिवळ्यावर थांबलेला मोजा पुढे निळ्यावर सुरू होतो. त्यानंतर कडांचे टाके उचलल्यावर फेरीत ६४ ऐवजी ८० टाके झाले तर पाच फेऱ्यांचा पट्टा चार फेऱ्यांवर येतो. टाके घटवत पुन्हा ६४ वर आलो की पट्टा पूर्ववत. मोजा यात बिघडत नाही. पायाला ही टाच छानच बसते, आणि पावलाची कमान उंच असेल तर हीच घ्यावी. फक्त डोळ्याला ती उडी खुपते.

उपाय सोपा आहे: टाचेची पट्टी आणि वळण वेगळ्या धाग्याने विणा. त्याच जातीची एकरंगी लोकर, मरून किंवा करडी, थोडी आणून ठेवा. टाच झाली की पट्ट्यांचा धागा जिथे सोडला होता तिथूनच उचला. पावलावर पट्टे न तुटता पुढे जातात, आणि वरची रिब व चवडाही त्याच एकरंगी धाग्याने केला तर मोजा मुद्दाम तसा आखल्यासारखा दिसतो. बाजूचे पट्टे थोडे बारीक होतील, तेवढं सोसा.

दुसरी टाच अर्ध्या ओळींची. ३२ टाक्यांवर सुरू करून दर ओळीला एकेक टाका मागे सोडत १० पर्यंत यायचं, मग तसंच परत ३२ पर्यंत जायचं. कडांना टाके उचलावे लागत नाहीत, म्हणून पुढच्या फेऱ्यांचा आकडा ६४ च राहतो आणि पट्टा बारीक होत नाही. टाचेत साधारण साडेनऊशे टाके खर्च होतात. आपल्या उदाहरणात तीन रंगांचं एक पूर्ण चक्र ९६० टाक्यांचं आहे. म्हणजे टाच संपवून तुम्ही जवळपास त्याच रंगाच्या त्याच टप्प्यावर परत येता आणि पावलावर काही घडलंच नाही असं वाटतं. सहा-सात रंगांच्या लोकरीत मात्र एवढं नशीब नसतं. तिथे टाचेआधी धागा तोडून, टाच गुंड्याच्या दुसऱ्या टोकाने करावी.

तिसरी, आणि पट्ट्यांच्या लोकरीला माझी सर्वांत आवडती, मागाहून घालायची टाच. टाचेच्या जागी आलात की ३२ टाके भडक रंगाच्या सुती दोऱ्याने विणा. सुतीच घ्या, लोकरीचा दोरा घेतला तर काढताना त्याचे तंतू अडकून राहतात. ते ३२ टाके पुन्हा डाव्या सुईवर सरकवा, आपल्या पट्ट्यांच्या धाग्याने परत विणा आणि टाच असते हेच विसरून सरळ नळी विणत चवड्यापर्यंत जा. पट्टे पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखे. शेवटी बोथट सुईने सुती दोऱ्याचा एकेक टाका उपसायचा. उपसताना खालचे आणि वरचे मोकळे होणारे टाके दोन सुयांवर लगेच पकडत जा. मोज्याला एक आडवं तोंड उघडेल. पहिल्यांदा बघणाऱ्या प्रत्येकीच्या पोटात इथे गोळा येतो, पण टाके पळत नाहीत. त्यांच्या घड्या पडलेल्या असतात आणि ते मुकाट्याने जागेवर बसून राहतात. दोन्ही कोपऱ्यांत दोन-दोन टाके जादा उचला, नाहीतर तिथे भोकं राहतात. मग चवड्यासारखेच एक फेरी सोडून चार-चार टाके घटवत या आणि मध्ये जोडून टाका. पट्टे टाचेवर वर्तुळात वर्तुळं असे बसतात.

याला दोन अटी. ही टाच पावलाच्या लांबीत चार-पाच सेंटिमीटर भर घालते, म्हणून सुती दोऱ्यापासून पुढची लांबी तेवढी कमी धरा. आणि उंच कमानीच्या पायाला ती वरून आवळते, तेव्हा घटवायच्या आधी तीन-चार फेऱ्या साध्या विणा.

चवड्याकडे पट्टे रुंद होत जातात. चुकतंय का?

नाही. टाके घटत जातात, ६४ चे ३२ होतात, पाच फेऱ्यांचा पट्टा दहा फेऱ्यांचा होतो. खुपत असेल तर चवडा एकरंगी करा.

शेवटचे टाके किचनर पद्धतीने (सुईत धागा ओवून, टाक्याला टाका लावत) जोडा, म्हणजे बोटांवर शिवण टोचत नाही. हा टाका ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते लॉर्ड किचनर १९०२ ते १९०९ भारतात सरसेनापती होते. पहिल्या महायुद्धात सैनिकांसाठी मोजे विणण्याच्या मोहिमेशी त्यांचं नाव जोडलं गेलं. साहेबांनी स्वतः सुई हातात धरली होती का, यावर आमच्याकडे शनिवारी बराच खल होतो.

पट्ट्यांवर जाळीची नक्षी घालू का?

घालू नका. लोकर बोलत असताना आपण गप्प बसावं. जाळी पट्ट्यांत हरवते आणि मेहनत वाया जाते. काही करायचंच असेल तर तीन सुलट-एक उलट अशी साधी रिब घ्या, किंवा लाटांची नक्षी. तिच्यात एका जागी टाके वाढतात, दुसऱ्या जागी घटतात आणि पट्टे नागमोडी होतात. एकूण टाके तेवढेच राहत असल्याने पट्ट्याची रुंदीही टिकते.

रंग बदलतो तिथे छोटी पायरी दिसते, ती कशी घालवायची?

गोल विणकाम म्हणजे मुळात एक लांब चढतं वळण. एकाच धाग्यातला बदल फेरीत कुठेही येतो आणि तिथे एका टाक्याची उंची दिसते. ती घालवायची युक्ती दोन वेगळे धागे वापरताना लागते, इथे नाही.

लोकलमध्ये विणता येतं का?

ठाणे-वाशी गाडीत खिडकी मिळाली तर अर्ध्या तासात आरामात काही फेऱ्या होतात. साधा सुलट टाका, नजर न लावता चालतो, हिशेब रंगच सांगतात: ‘दुसरा पिवळा संपला की टाच’. फक्त दुतोंडी सुया घरी ठेवा. चौथ्या सीटवर टेकून बसलं असताना एक सुई निसटली की ती थेट समोरच्या बाकाखाली, टोपल्या आणि चपलांच्या मधे जाते आणि चार बायकांना उठवावं लागतं. मॅजिक लूपची सुई केबलला जोडलेली असते, पडली तरी लोंबकळत राहते. गुंडा झिपच्या पिशवीत ठेवा आणि झिप बोटभरच उघडी.

बाळंतविड्यात हे मोजे चालतील का?

अगदी चालतील, पट्टेही रुंद आणि ठसठशीत येतात. घोट्यापाशी नाडी ओवू नका. रिब लांब ठेवली की मोजा पायात राहतो. आत सुटे धागे राहू देऊ नका, बाळाची बोटं त्यात अडकतात. आणि लोकर सुपरवॉशच घ्या, बाळंतिणीच्या घरात मोजे कोणी हाताने जपून धुणार नाही.

अशी लोकर घरी रंगवता येईल का?

येईल, आणि एकदा केलीत की दुकानातल्या किमतीचं आश्चर्य वाटेनासं होतं. न रंगवलेली ७५-२५ ची लोकर ऑनलाइन मिळते. खरं कसब रंगात नाही, लांब लडी करण्यात आहे. सोसायटीच्या पॅसेजमध्ये दोन खुर्च्या सहा मीटर अंतरावर पाठमोऱ्या ठेवा आणि त्यांच्याभोवती धागा गुंडाळा. एक वेढा १२ मीटरचा झाला. ४२० मीटर धाग्याचे ३५ वेढे. हे दुपारी दोन ते चारमध्ये करा, तेव्हा पॅसेजमध्ये वर्दळ नसते. संध्याकाळी मुलांच्या सायकली येतात आणि मग बघायला नको.

खुर्च्यांवरून काढण्याआधी लडीला सात-आठ ठिकाणी सुती दोऱ्याने सैल बांधा. दर चार मीटरवर रंगांची हद्द दाखवणारी गाठ वेगळी ठेवा. लडी अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा. मोठ्या स्टीलच्या पातेल्यात पाणी, ॲसिड डाय (लोकर रंगवायची पूड) आणि पाव वाटी व्हिनेगर घाला. व्हिनेगर नसेल तर वाण्याकडचं लिंबूफूल चालतं. पहिला तिसरा हिस्सा पातेल्यात सोडा आणि उरलेली लडी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून शेजारी स्टुलावर. पाणी ८०-८५ अंशांपर्यंत न्या, खळखळ उकळू देऊ नका. रंग लोकरीने ओढून घेतला की पाणी जवळजवळ नितळ होतं. मग गॅस बंद करा आणि लडी त्याच पाण्यात निवू द्या. हद्दीवर रंग थोडा पसरणारच, त्याने पट्ट्याची कड मऊ येते आणि ती मला बरी वाटते. पुढच्या रंगाला पुन्हा तेच.

ॲसिड डायची पूड हाताळताना मास्क लावा आणि ते पातेलं पुन्हा आमटीला वापरू नका. हे नको असेल तर खाण्याचे रंग घ्या, लोकर तेही व्हिनेगरच्या जोडीने चांगले धरते. हळदीचा मोह टाळा. पिवळा झकास येतो, पण उन्हात उडून जातो.

पावसाळ्यात धुवायचे आणि जपायचे कसे?

कोमट पाणी, सौम्य साबण, पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि पंख्याखाली सपाट वाळवा. जुलैत दोन दिवस धरून चाला. गॅलरीत टांगलेले मोजे लांबडे होतात आणि वर पावसाची झड बसते ती वेगळीच.

कसर लागते ती बहुधा न धुता ठेवलेल्या लोकरीला, कारण अळीला लोकरीबरोबर घामाचे डागही हवे असतात. म्हणून धुऊन, पूर्ण वाळवून, हवाबंद डब्यात ठेवा. डांबराच्या गोळ्या टाकाव्यात की नाही हा ज्याच्या त्याच्या नाकाचा प्रश्न. गुंड्याला कसर लागल्याची शंका आली तर तो घट्ट पिशवीत बांधून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेवा. घरच्यांना आधी सांगा, नाहीतर मटाराची पिशवी समजून कोणी बाहेर काढेल.

टाचेला भोक पडलं तर?

भोक पडायची वाट बघू नका. टाच उजेडासमोर धरली आणि बोट दिसू लागलं की लगेच रफू करा. मोज्यात टेनिसचा चेंडू घाला, बोथट सुईत त्याच लोकरीचा धागा ओवा आणि विरलेल्या प्रत्येक टाक्याच्या वाटेवरून सुई फिरवत जा. उरलेल्या लोकरीतली पाच-सात ग्रॅम यासाठीच ठेवायची. लेबलसकट छोट्या पिशवीत घाला आणि मोजे भेट देताना ती सोबत द्या. घेणाऱ्याला रफू येत नसेल तर मोजे आणि पिशवी दोन्ही तुमच्याकडेच परत येतील, पण तेव्हा धागा शोधावा लागणार नाही.